उजवीकडचा दरवाजा

विमानविद्येचा खरा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल तेव्हा त्यात बडोदे शहराला एक स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल, आणि त्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर श्रीकृष्ण दिघे यांचा फोटो छापावा लागेल, असं माझं ठाम मत आहे. श्रीकृष्ण दिघे आयुष्यात एकदाही विमानात बसले नाहीत. पादरा गावाच्या बसमध्येसुद्धा खिडकीजवळ जागा मिळाली नाही तर त्यांना मळमळायचं, आणि एकदा घरातल्या माळ्यावर चढले तेव्हा खाली उतरवायला मला शिडी धरून अर्धा तास उभं राहावं लागलं होतं.

'दिघे यांचा', 'बसले नाहीत' वगैरे आदरार्थी बोलणं इतिहासापुरतं. एरवी तो माझा श्री. सुभानपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात तो ड्राफ्ट्समन होता. डब्यांच्या चाकांची आणि बफरांची चित्रं काढण्यात त्याची सदतीस वर्षं गेली. छंद मात्र विमानांचा. तोही उडवण्याचा नाही, बघण्याचा नाही, ओळखण्याचा, आणि ओळखायची ती फोटोतली. त्यातही साधीसुधी नाहीत. कुठल्याशा कंपनीनं तीसेक सालात चार बांधली आणि पाचवं बांधण्याआधी दिवाळं काढलं, असलं काहीतरी असेल तर त्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं.

याला कारण त्याची बायको. नलिनीवहिनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. चौसष्ट साली त्या कुठल्या लग्नाला पादऱ्याला गेल्या होत्या. येताना फळ्यांवर घालायला म्हणून पस्तीवाल्याकडून, म्हणजे रद्दीवाल्याकडून, जुन्या मासिकांचा एक गठ्ठा घेऊन आल्या. "लई जाव बेन, पानां जाडां छे," एवढीच त्या पस्तीवाल्याची शिफारस. निघाली ती विलायती विमानांची साप्ताहिकं. वहिनी डब्यांखाली पानं घालत होत्या आणि श्री डबे उचलून पानं बघत होता. आठवड्याभरात डबे जमिनीवर आले आणि पानं कपाटात गेली.

पहिले काही दिवस तो फोटोखालची ओळ तळहातानं झाकायचा आणि विमानाचं नाव सांगायचा. मग हात काढून स्वतःच "बरोबर!" म्हणायचा.

"बोटांच्या फटीतून दिसतंय तुम्हाला," वहिनी म्हणाल्या.

"मी काय लबाडी करतो?"

"मी परीक्षेला पहाऱ्यावर उभी राहते अहो, वर्षातून दोनदा. मला शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवणाची कात्री घेतली आणि फोटो वेगळे, खालच्या ओळी वेगळ्या केल्या. फोटो पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवून मागे आकडा घातला. ओळ एका लांब वहीत त्याच आकड्यापुढे चिकटवली. वहीत समासात तारीख, मग चार रकाने: आकडा, छापील ओळ, 'यांचं उत्तर', आणि शेवटी नुसतं एक अक्षर, 'ब' किंवा 'चू'. वही त्यांच्या ताब्यात, शिवणाच्या मशीनच्या खणात. श्रीनं त्या खणाला एकोणतीस वर्षांत हात लावला नाही. खुद्द वहिनींना विमानातलं काडीचं कळत नव्हतं. त्यांच्या लेखी सगळी विमानं दोन जातींची: एक 'हे ढेरपोटं' आणि दुसरं 'हे बिचारं'.

नियम असे. दुपारी चार वाजता एक कार्ड. नाव सांगायचं आणि तीन खुणा सांगायच्या, नुसतं नाव चालणार नाही. वहिनी वही उघडून निकाल देणार. बरोबर असेल तर चहा वहिनींनी करायचा, चूक असेल तर श्रीनं. नोकरी होती तोवर हे रविवारी चाले. पंच्याऐंशी साली तो निवृत्त झाला तेव्हापासून रोज. मूलबाळ नव्हतं. प्रेक्षक म्हणून मी होतो. निकाल कुठलाही लागला तरी तिसरा कप माझा असे, त्यामुळे माझी भूमिका निःपक्षपाती होती.

त्याच्या भरात तो काय करायचा ते मी पाहिलंय. एकदा वहिनींनी असलं कार्ड दिलं की त्यात मुख्यतः एक शेळी होती. शेळीच्या मागे अर्धं चाक आणि पंखाचा एक तुकडा.

"शेळी," मी म्हणालो.

"तू गप. नलिनी, हे पर्सिव्हल क्यू-सिक्स."

"खुणा?"

"चाक बघ. चाकाला तुमान घातल्यासारखं झाकण आहे. पंख खाली लावलेला. आणि इंजिनाचं नाक निमुळतं, गोल नाही."

"कुठंय नाक? मला तर शेळीचंच दिसतंय," मी म्हणालो.

"शेळीच्या शिंगांच्या मधून बघ."

वहिनींनी वही उघडली, ओळीवर बोट ठेवून एकदा वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. "बरोबर," म्हणाल्या आणि उठल्या. "भाऊजी, तुमचंही उत्तर मी लिहून घेतलंय हो. शेळी. तेही बरोबर."

चुकायचाही. आठवड्यातून दोनदा तरी चुकायचा. मग दोन तास मांजरीसारखा घरभर फिरायचा आणि कडू चहा करायचा. सत्त्याऐंशीच्या जुलैपासून मात्र नवल झालं. श्रीचं एकही उत्तर चुकेना. महिना गेला, वर्ष गेलं. रोज चार वाजता "बरोबर". विमानं तर अशी अवघड निघत की नावं उच्चारताना माझी जीभ वळायची. इटालियन, फ्रेंच, जपानी. "जगात ही नऊच झाली गोविंद, नऊच!" असं तो मला सांगायचा आणि वहिनी भिंतीला धरून चहाला उठायच्या. गुडघे गेले होते त्यांचे. मी बसल्या जागेवरून म्हणायचो, "सावकाश वहिनी." एवढं करायचो मी.

नव्वद साली त्याच्या वाढदिवसाला त्यानं एक फ्रेंच विमान ओळखलं, ब्लॉक दोनशे वीस, आणि त्या आनंदात पेढे वाटले. अख्ख्या सोसायटीत असे पेढे दुसऱ्या कुणी वाटले नसतील. शेजारच्या पटेलबेन मला विचारत होत्या, "भाई, बाबो के बेबी?"

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतरच्या गुरुवारी चार वाजता श्रीनं कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं. "लिसुनोव्ह ली-टू. रशियन. दिसायला थेट डाकोटासारखं, फसतात लोक. पण दरवाजा उजवीकडे आहे. डाकोटाचा डावीकडे असतो."

वहिनींनी वही उघडली. दोनदा वाचलं. "बरोबर," म्हणाल्या. मशीनचा आधार घेऊन उठल्या. "भाऊजी, तुम्हाला साखर अर्धीच ना?"

मी हो म्हणालो. श्री मला डावा दरवाजा आणि उजवा दरवाजा यांतला फरक सांगत राहिला. मग जळकट वास आला.

"नलिनी, दूध!" तो ओरडला. "नलिनी, दूध उतू चाललंय!"

दूध उतू जाऊन गॅस विझला होता. वहिनी ओट्याशी बसल्यासारख्या पडल्या होत्या. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना. डॉक्टर लोक हे नेहमी म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी श्री माझ्याकडे आला. एका हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्यात बांधलेली वही. माझ्या टेबलावर ठेवून तो खुर्चीवर बसला.

"डब्यात एकेचाळीस कार्डं आहेत. तिनं करून ठेवलेली, न विचारलेली. वही मी उघडलेली नाही."

"बरं."

"सहा वर्षं माझं एकही चुकलं नाही गोविंद. तुला माहितेय. शेवटचं सुद्धा नाही. ही एकेचाळीस तू विचार. ही जर सगळी बरोबर आली ना, तर मग मी डबा बंद करीन. तिनं काढलेलं एकही मी सोडलं नाही, असं होईल." त्यानं डब्यावर हात ठेवला. "दुसरं काय आहे माझ्याकडे तिचं?"

माझी बायको निरुपमा दारात उभी होती. ती आत निघून गेली. मी म्हणालो, "विचारतो की. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वहिनींच्या खुर्चीवर बसलो. पहिलं कार्ड दिलं. फोटो चांगला मोठा होता, कॅलेंडरवरून कापलेला असावा. श्रीनं ते बराच वेळ डोळ्यांसमोर हलवलं.

"फियाट जी-अठरा. एक, शेपटीचा बाक. दोन, नाकाची ठेवण. तीन, खिडक्या."

मी वही उघडली. आकड्यापुढे छापील ओळ होती. मला विमानातलं कळत नसलं तरी इंग्रजी वाचता येतं. तिथं डाकोटा असं लिहिलं होतं.

आता दुसरा कुणी असता तर थांबला असता. मी जन्मभर चोख वाचन करत आलेला माणूस. "चूक," मी म्हणालो. "डाकोटा."

श्रीनं कार्ड खाली ठेवलं. रागावला नाही. माझ्याकडे, एखाद्या शिकाऊ पोराकडे बघावं तसं बघितलं.

"डाकोटा?"

"असं लिहिलंय."

"हरणीच्या विमानतळावर रोज उतरायचं ते डाकोटा? नळावरच्या बायका ओळखायच्या ते? गोविंद, नलिनी मला डाकोटा देईल? शेळीच्या शिंगांमधून बघायला लावणारी बाई ती." त्यानं वहीकडे बोट केलं. "तुझी ओळ चुकली असेल. आकडा नीट बघ."

मी आकडा नीट बघितला. ओळ चुकली नव्हती. समोर बघितलं तर त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते.

"हां, चुकलीच," मी म्हणालो. "वरची वाचली. फियाट. फियाट जी-अठराच."

"म्हणजे?"

"म्हणजे बरोबर."

"मग उठ. चहा तुझ्यावर."

मी उठलो. वहिनींच्या स्वयंपाकघरात साखर शोधायला मला पाव तास लागला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत? सहा वर्षांत आत गेलो नाही मी."

त्या दिवशी घरी येऊन मी वही पहिल्यापासून चाळली. निरुपमा शेजारी बसून मटार सोलत होती. चौसष्ट ते सत्त्याऐंशी सगळं सरळ. पर्सिव्हल, त्यापुढे पर्सिव्हल, ब. माइल्स, त्यापुढे डी हॅविलँड, चू. मग सत्त्याऐंशीच्या जुलैचं पान आलं. तिथं समासात वहिनींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'यांच्या कोटाच्या खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली. झामर. मला सांगितलेलं नाही. मीही विचारणार नाही. आजपासून सोपी द्यायची.'

मी निरुपमाला वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

झामर म्हणजे काचबिंदू. तो झालेल्या माणसाला नळीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणतात. एका वेळी एवढंसं. श्रीला शेपटी दिसत असणार तेव्हा पंख दिसत नसणार, दरवाजा दिसत असणार तेव्हा विमान दिसत नसणार. तुकडे बघून तो विमान जुळवायचा, आणि सदतीस वर्षं चित्रं काढलेला माणूस तो. जुळवायला लागला की थांबत नसे.

पुढच्या पानापासून छापील ओळींच्या रकान्यात डाकोटा सुरू झालं. डाकोटा, मग टायगर मॉथ, मग पुन्हा डाकोटा. मोठे फोटो, ठळक फोटो, ज्याला त्याला ओळखू येणारी विमानं. आणि 'यांचं उत्तर' या रकान्यात? फियाट. ब्लॉक. शोवा. लिसुनोव्ह. शेवटच्या रकान्यात सगळीकडे ब. आणखी एक टीप होती, त्याच वर्षीच्या ऑगस्टातली:

'सोपं दिलं की यांना वाटतं मी फसवते आहे, मग नसलेलं बघतात. आज डाकोटाला फियाट म्हणाले. इतकी छान कारणं दिली की चूक म्हणवेना.'

आणि शेवटची, ब्याण्णवची:

'गुडघा फार दुखतो. सांगितलं तर म्हणतील चहा नको, बस. मग कार्डही नको म्हणतील.'

"बंद करा ती वही," निरुपमा म्हणाली.

"त्याला सांगायला हवं का गं?"

"काय सांगणार? की तुझी बायको सहा वर्षं खोटं बोलली आणि त्यापायी चहा करता करता गेली? त्या दिवशीचं काय आहे? शेवटचं?"

मी शेवटची नोंद असलेलं पान काढलं. डाकोटा. यांचं उत्तर, लिसुनोव्ह. त्यापुढचा रकाना रिकामा होता. अक्षर चहा झाल्यावर लिहायचं राहिलं असणार.

"पण मला खोटं बोलता येत नाही," मी म्हणालो.

"आपल्या लग्नात माझ्या वडिलांना पगार किती सांगितला होता ते आठवा. येतं तुम्हाला. नलिनीताई सहा वर्षं बोलल्या, तुम्हाला चाळीस दिवस जड जातंय होय?"

तर पुढचे चाळीस दिवस मी रोज चार वाजता बरोबर म्हणत गेलो. डब्यात सत्तावीस डाकोटा होती, हे मी नंतर मोजलं. श्रीनं त्यांची सत्तावीस वेगवेगळी नावं सांगितली असती, पण तेवढी विमानं जगात बनलीच नव्हती, म्हणून तीन-चार नावं आलटून पालटून येत. चार वेळा त्याचं खरोखरच बरोबर आलं; त्या दिवशीची ओळ मी घरूनच वाचून येत असे. त्या चारही वेळी मला हुंदका आवरेना आणि मी सर्दीचं कारण सांगितलं. चहा रोज मीच करत होतो. दुसऱ्या आठवड्यात मला साखर सापडायला लागली, तिसऱ्या आठवड्यात आलं किसायचं कशावर ते कळलं. वहिनींचा हात रोज जिथं टेकत असेल तिथं भिंतीला एक तेलकट डाग होता. माझाही हात तिथंच जायचा.

श्री सुधारत चालला होता. दाढी करायला लागला होता. "अकरा राहिली," "सात राहिली," असं मोजायचा. शेवटच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. निरुपमा त्याच्यासाठी रोज द्यायची तो जेवणाचा डबा मी कोपऱ्यात ठेवला आणि एकेचाळिसावं कार्ड त्याच्या हातात दिलं.

यावेळी त्यानं ते हलवलं नाही, जवळ नेलं नाही. पालथं घालून मांडीवर ठेवलं.

"ब्रॅडशॉ पेलिकन," तो म्हणाला. "एकोणीसशे छत्तीस. तीन खुणा. एक, चोच. दोन, मधला कप्पा. तीन, शेपटी वर वळलेली."

"बरोबर," मी म्हणालो आणि उठायला लागलो.

"बस."

मी बसलो.

"ब्रॅडशॉ आमच्या वर्कशॉपात फोरमन होता. मी लागलो तेव्हा. वाफेची इंजिनं दुरुस्त करायचा. विमान त्यानं कधी बांधलं नाही."

"आणि पेलिकन?"

"पेलिकन त्याचा कुत्रा."

रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. कोणीतरी किक मारत होतं, थांबत होतं, पुन्हा मारत होतं.

"कधीपासून कळलं तुला?" मी विचारलं.

"तू वही उघडत नाहीस रे. चार-पाच दिवस उघडलीस, मग नुसती मांडीवर ठेवून बरोबर म्हणायला लागलास. एकदा तर माझ्या खुणा व्हायच्या होत्या. ती दोनदा वाचायची. प्रत्येक वेळी, दोनदा." त्यानं कार्डाची कड नखानं खरवडली. "मग वाटलं, तू दया करतोयस. ठीक आहे. तू तसाच आहेस. पण नंतर मनात आलं..."

त्यानं कार्डाची चारही टोकं बोटांनी चाचपली.

"तीही तेच करत होती का?"

"छे! काहीतरीच काय..."

"गोविंद. पहिल्या दिवशी तू डाकोटा म्हणालास. ते तुला सुचणारं नाव नाही. छापलेलं असल्याशिवाय तू म्हणणार नाहीस." तो खिडकीकडे बघत होता, म्हणजे खिडकी असते त्या बाजूला. "नव्वद सालचा माझा वाढदिवस काढ. ब्लॉक दोनशे वीस. वाच."

मी पान काढलं. मला त्यातून सुटका दिसेना. "डाकोटा," मी म्हणालो.

"मी त्याचे पेढे वाटले."

"चांगले होते."

"एक्याण्णव वाच. कुठलंही."

"डाकोटा."

"सत्त्याऐंशी. ऑगस्ट." मी वाचलं, आणि त्यापुढची समासातली टीपही वाचली. मग जुलैतली. बाटलीची, झामरची. ती ऐकताना त्याचा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. कोट घातलेला नव्हता.

गुडघ्याची टीप मी वाचली नाही. पण त्याला ती वाचून दाखवायची गरज नव्हती. तो नियमांचा माणूस. आधीच तिथं पोचला होता.

"म्हणजे रोज चूक होतं," तो सावकाश म्हणाला, आकडेमोड करत असल्यासारखा. "चूक असेल तर चहा माझ्यावर. म्हणजे सहा वर्षं, रोजचा चहा माझ्यावर होता."

त्या सगळ्या चहांतला तिसरा कप माझा होता. भिंत धरून उठायच्या त्या मला दिसत होत्या. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मला बडोद्यातले सगळे डॉक्टर सांगतात, तुमची नजर तरुणासारखी आहे.

"ती उठायची आणि मी इथं बसून खुणा सांगायचो," श्री म्हणाला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, मग पुन्हा जागेवर आला. रडणं त्याला जमत नव्हतं. सवय नसलेल्या माणसाला शिट्टी जमत नाही तसं नुसती हवा येत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यानं राहू दिला.

मग त्यानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"त्या दिवशीचं सांग. गुरुवारचं. ली-टू. दरवाजा उजवीकडे होता, मी पाहिला होता. सगळं विमान नाही दिसलं मला, पण दरवाजा दिसला होता." तो धापा टाकत होता. "त्या दिवशीचा चहा कुणावर होता?"

मी वही घेतली. शेवटचं पान काढलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. पानाचा आवाज त्याला ऐकू जाईल अशा बेतानं केला.

"लिसुनोव्ह ली-टू," मी म्हणालो. "सोव्हिएत रशिया. असं छापलंय."

"दरवाजा?"

"उजवीकडे."

"म्हणजे..."

"म्हणजे बरोबर. त्या दिवशीचा चहा वहिनींवरच होता."

त्यानं मनगट सोडलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, नळीतून जेवढं दिसेल तेवढं. आधी एक डोळा बघितला असेल, मग दुसरा, मग तोंड. तुकड्या-तुकड्यांनी तो मला जुळवत होता. मी जितका स्थिर बसता येईल तितका बसलो. तीन खुणा त्याला सापडल्या की नाही, मला कधीच कळलं नाही.

शेवटी त्यानं हात सोडला. मांडीवरचं कार्ड बिस्किटांच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं, आणि बोटांनी चारही बाजूंनी दाबून पाहिलं, बसलंय का.

"गोविंद."

"बोल."

"निरुपमावहिनींना सांग, आमटीत गूळ जरा कमी घालत जा म्हणावं."